उस्तादांच्या ओळींखाली

सानोबर ओपाबरोबर, म्हणजे आमच्या सानोबरताईबरोबर, बाजारात जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच म्हणून समजायचं. खरबूज घ्यायचं असलं तर ती एका गाडीवर ते ठोकून बघते, मग शेजारच्या गाडीवाल्याला जाऊन विचारते, "त्याचं खरबूज कसं आहे हो? खरं सांगा." शेजारचा अर्थातच नाक मुरडतो. मग ओपा म्हणते, "हा वाईट म्हणतोय म्हणजे चांगलं असणार," आणि पुन्हा पहिल्याकडे येते. तोवर ते खरबूज कोणीतरी घेऊन गेलेलं असतं. मग त्या घेऊन जाणाऱ्यावर संशय, की हा मघापासून आपल्या मागावरच होता.

मी खुर्शिदा. तिच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि ऑफिसातले सगळे प्रोग्रॅम मोडतात का ते तपासते. कामच मोडतोडीचं, म्हणून बाईची जीभही तशीच झाली, असं आमचे साहेब हाशिम अका, म्हणजे हाशिमदादा, म्हणतात. म्हणोत बापडे. आमचं ऑफिस फरगाण्यात, नानच्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर आहे. उन्हाळ्यात खालून भट्टी, वरून पत्रा आणि मधे आम्ही. कालव्यांची फाटकं उघडणारी-मिटणारी यंत्रं आम्ही बनवतो. पूर्वी मिराब, म्हणजे पाणी वाटून देणारा माणूस, गाढवावर बसून फाटकापर्यंत जायचा आणि चाक फिरवायचा. आता तो घरबसल्या फोनवरून हुकूम देतो, कालव्याकाठच्या पेटीतला बोर्ड तो हुकूम ऐकतो आणि मोटर फिरवतो. शिव्या मात्र मिराब पूर्वीइतक्याच देतो.

ह्या बोर्डांसाठी आम्ही जी भाषा वापरतो ती नेमत उस्तादांची. ते आधी ज्या सरकारी संस्थेत होते तिथे पगार बंद पडले तेव्हा निम्मे लोक बाजारात चपला विकायला बसले, आणि हे गृहस्थ थंडगार खोलीत ओव्हरकोट घालून आपली स्वतःची भाषा आणि तिचा कंपायलर लिहीत बसले. कंपायलर म्हणजे आपण माणसासारखं लिहिलेलं चिपच्या बोलीत सांगणारा दुभाषी. त्या खोलीत उस्तादांबरोबर टिकून राहिली ती एकटी सानोबर ओपा. मार्गिलानच्या रेशीम विणणाऱ्यांची मुलगी, ताश्कंदला शिकून आलेली, तेव्हा अजून तिशीच्या आतली. घरचे म्हणत, हा म्हातारा तुला खायला घालणार आहे का? ती म्हणे, "खाण्याचं माहीत नाही, पण हा माणूस खोटं बोलत नाही." डॉक्टरने दिलेलं औषध दुसऱ्या डॉक्टरला दाखवणारी, दुधाचा वास घेतल्याशिवाय पातेल्यात न ओतणारी, नवऱ्याने वेळ सांगितली तरी आपलं घड्याळ बघणारी ही बाई. तिने जन्मात एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला. उस्ताद वारले तेव्हा ती आठवडाभर कोणाशी भांडली नाही, आणि आम्हाला खरी काळजी तेव्हाच वाटली.

आमच्याकडे दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरतात त्या कापडाभोवती, वडीलधाऱ्याच्या वरच्या जागी धाकटा बसत नाही. कोणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप खालच्या बाजूला वळतात. तीच रीत आमच्या कोडमध्ये शिरली. उस्तादांच्या ओळी कोणी खोडायच्या नाहीत, बदलायच्या नाहीत आणि त्यांच्या वर काही लिहायचं नाही. नवं काही लागलं तर खाली लिहायचं, शेजारी आपलं नाव घालायचं. हा नियम कोणी केला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. ताश्कंदहून आलेला एक इंजिनियर हे ऐकून फिदीफिदी हसला होता. त्याला ओपाने दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

आता दोनियोर. हा आमच्यातला सगळ्यात नवा इंजिनियर, तोलजोर गावचा. शांत पोरगा, शिकलेला, हात साफ. वसंतात त्याचं लग्न ठरलं आणि शरदात व्हायचं होतं. त्याच सुमारास जुन्या चिपा मिळेनाशा झाल्या म्हणून नवे बोर्ड आले. पहिले थोडे बोर्ड कुठे बसवायचे असा प्रश्न आला तेव्हा दोनियोर म्हणाला, "एक आमच्या तोलजोरच्या फाटकावर बसवूया. मी दर रविवारी घरी जातो, नजर ठेवीन." त्याने तिथे बोर्ड बसवला, हौसेने एक तापमापीही जोडली. तेव्हा सगळ्यांनी शाबासकी दिली.

जुलैत, भाताला पाणी लागतं त्या ऐन दिवसांत, ते फाटक आपोआप उघडायला लागलं. रोज नाही. मधेच एखाद्या दुपारी. मिराबाने हुकूम द्यायचा, "बंद राहा," आणि फाटकाने उघडायचं. पाणी मोठ्या कालव्यातून तोलजोरच्या चारीत वळायचं, आणि खालच्या कुमतेपा गावाची भातं तोंड वासून बसायची. आणि तोलजोरच्या चारीवर पहिलं शेत कोणाचं? दोनियोरच्या काकाचं.

मिराब कोचकार अका जिना दणदणत वर आला. एवढा मोठा देह, डोक्यावर टोपी, घामाने न्हालेला. टोपी त्याने हाशिम अकांच्या टेबलावर आपटली.

"तुमच्या ऑफिसात चोर पाळलाय तुम्ही," तो म्हणाला. "तुमचं मशीन माझं ऐकत नाही, तोलजोरवाल्यांचं ऐकतं. त्यात त्या पोराने चोरवाट ठेवलीय. कुमतेप्याची माणसं फावडी घेऊन काकाच्या दारात जाऊन आली. मी होतो म्हणून डोकी फुटली नाहीत."

हाशिम अका घाबरट माणूस. कालवा खात्याचं काम गेलं तर ऑफिसला टाळं, हे त्यांना झोपेतही दिसतं. त्यांनी दोनियोरला विचारलं. दोनियोर म्हणाला, मी काही केलं नाही. असं तर प्रत्येकच म्हणतो. मग अका म्हणाले, "शुक्रवारपर्यंत शोधा. नाही सापडलं तर मी कागद सरकारी वकिलाकडे पाठवतो. पाणीचोरीचा मामला आहे, माझ्या गळ्यात मी का घेऊ?"

सरकारी वकील म्हणजे नोकरी गेली, तुरुंगाचं दार उघडं आणि लग्नही गेलं. मुलीकडचे कोकंदचे, मानी लोक. त्यांनी आधीच निरोप धाडला होता की काय ऐकतोय आम्ही ते आधी निस्तरा. दोनियोरचा चेहरा भट्टीतल्या राखेसारखा झाला होता.

शोधायचं काम अर्थातच सानोबर ओपाकडे आलं. आणि सांगते ना, तिने शोध असा सुरूच केला नाही. तिचा निकाल आधी लागलेला होता.

"ये इकडे, बस," ती दोनियोरला म्हणाली. "हा तुझा प्रोग्रॅम. ही तुझी जागा, जिथे फाटक किती उघडायचं ते ठरतं. इथे तीन व्हेरिएबल घेतलीस. हे पहिलं, 'वाढीव'. ह्यात तू शून्य का नाही भरलंस?"

"भरायची गरज नाही ना ओपा. पुराचा हुकूम आला तरच त्यात काही भरायचं. एरवी ते शून्यच असतं. आपली भाषाच तसं वचन देते."

"वचन देते. मग त्यात शून्याऐवजी दुसरं काही आलं कुठून?"

"तेच तर मला कळत नाही."

"मला कळतं," ओपा म्हणाली. "वचन उस्तादांचं आहे. नवं व्हेरिएबल घेतलं की त्याची जागा आधी पुसून शून्य करायची, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि इतक्या वर्षांत ते एकदाही चुकलेलं नाही. राहिलास तू."

मला राहवलं नाही. "अहो ओपा, पोराला वाक्य तरी पुरं करू द्या."

"तू मधे पडू नकोस, खुर्शिदा. गावाकडची माणसं पाण्यापायी सख्ख्या भावाला विकतात. ह्याने बोर्ड नेमका स्वतःच्याच गावी का नेला? आपणहून कोण जबाबदारी घेतं आजकाल?"

दोनियोरने मान खाली घातली. बोलला असता तर बरं झालं असतं. जो गप्प बसतो त्याच्यावर ओपाचा संशय दुप्पट होतो, आणि जो बोलतो त्याच्यावरही.

मग तिने त्याचा सगळा प्रोग्रॅम वाचायला घेतला. ओळ न ओळ. तांदळातले खडे निवडावे तशी वाचत होती, आणि खडा मिळेना. दुपारपर्यंत तिची चिडचिड वाढली. चोरवाट नाही, बाहेरचा नंबर नाही, तोलजोरचं नाव नाही. "फार स्वच्छ आहे," ती मला कुजबुजत म्हणाली. "इतकं स्वच्छ कोणी लिहितं का? काहीतरी लपवलंय." आता ह्यावर काय बोलायचं? घाण सापडली तर चोर, नाही सापडली तर पक्का चोर.

टेबलावर आमचं एक खेळण्याएवढं फाटक आहे, पत्र्याचं, छोट्या मोटरवर चालणारं. त्याला नवा बोर्ड जोडून तोच प्रोग्रॅम मी चालवून बघितला. शंभरदा 'बंद' म्हटलं, शंभरदा बंद. मिराब फोनवर ओरडायचा, "तिथे बंद राहणारच, तिथे कोणाचं भात आहे?" आणि खरं सांगू का, तेव्हा माझाही धीर सुटायला लागला. ऑफिसात सगळे एकमेकांकडे तिरके बघायला लागले होते. कोणी दोनियोरच्या खुर्चीजवळून गेलं तरी बाकीचे माना वळवत. हिशेबवाली बाई आपली पर्स बरोबर घेऊन पाणी प्यायला जाऊ लागली. आता पर्सचा आणि कालव्याचा काय संबंध, पण संशयाला दार उघडून दिलं की तो सगळ्या खोल्या हिंडून येतो.

मात्र ओपाची एक गोष्ट मी मानते. ती संशय घ्यायला लागली की कोणालाच सोडत नाही, स्वतःच्या निकालालासुद्धा नाही. बुधवारी ती पेन दाताखाली धरून नुसती बसली होती. मग एकदम म्हणाली, "एक्केचाळीस."

"काय एक्केचाळीस?"

"फाटक पहिल्यांदा किती उघडलं? शंभरातलं एक्केचाळीस. दुसऱ्यांदा अडतीस. मग एकोणचाळीस. खुर्शिदा, तू पाणी चोरलं असतंस तर किती उघडलं असतंस?"

"मी? सगळं."

"किंवा अर्धं. किंवा पाव. एक्केचाळीस कोण उघडतं? कुठला चोर असं मोजून मापून चोरतो?" ती उठून खिडकीशी गेली. समोरच्या औषधाच्या दुकानावर लाल आकड्यांची पाटी आहे, वेळ आणि हवेचं तापमान दाखवणारी. त्या क्षणी तिच्यावर चाळीस होतं. ओपा पाटीकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर डांबर वितळत होतं.

"दोनियोर," तिने न वळता हाक मारली. "ती तापमापी तू फक्त तोलजोरलाच लावलीस ना?"

"हो ओपा. बाकीच्या फाटकांना लावायच्या राहिल्या."

"आणि आपल्या ह्या टेबलावरच्या बोर्डाला नाहीच. म्हणजे इथे तापमान कायम शून्य." ती परत आली. "एक तापमापी आण. आणि चहा कर. कढत कर."

दोनियोरने तापमापी जोडली. ओपाने प्रोग्रॅम असा लावला की पुन्हा पुन्हा आधी तापमान वाचायचं आणि लगेच त्याच्या पाठोपाठ फाटकाला 'बंद' म्हणायचं. तोलजोरला तापमान तासातून एकदा वाचलं जातं, आणि मिराबाचा हुकूम नेमका त्याच्या पाठीवर येऊन पडणं हा योगायोग. म्हणून तर कधी व्हायचं आणि कधी नाही. मग तिने चहाने भरलेल्या पियाल्यात तापमापीचं टोक बुडवलं.

पत्र्याचं फाटक कुरकुरलं आणि वर गेलं. सत्तरपर्यंत.

आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा झालो. चहा निवत गेला तसं फाटक थोडं थोडं खाली यायला लागलं. ओपाने पियाला रिकामा करून पुन्हा कढत चहा ओतला, फाटक पुन्हा वर. तिने ते इतक्या वेळा केलं की किटली संपली. हाशिम अका दारात येऊन उभे राहिले होते, त्यांना वाटलं आम्ही खेळतोय.

"म्हणजे आधीच्या कामाचं उष्टं," दोनियोर हळूच म्हणाला. "तापमान वाचताना ते स्टॅकवर ज्या जागी ठेवलं, तीच जागा नंतर माझ्या 'वाढीव'ला मिळते. ती पुसली जात नाहीये, ओपा."

स्टॅक म्हणजे प्रोग्रॅमची तात्पुरत्या सामानाची जागा. एक काम संपलं की जागा मोकळी झाली म्हणायचं, पण झाडून कोणी घेत नाही. पुढचं काम तिथेच येऊन बसतं. म्हणून तर उस्तादांनी आधी पुसायची सोय केली होती.

"पुसली जाते," ओपा म्हणाली. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

तिने कंपायलरच्या पोटातला तो भाग उघडला. आम्ही बाकीचे तिकडे कधी फिरकलो नव्हतो. कशाला फिरकायचं, उस्तादांनी लिहिलेलं आहे. पडद्यावर त्यांच्या ओळी होत्या: जागा घे, मग ती पूर्ण जागा शून्याने पुसून काढ. बरोबर. त्यांच्या खाली आणखी एक ओळ होती. नव्या चिपची एक खोड आहे, तिला जागा आठाच्या पटीत सुरू झालेली लागते, नाहीतर ती अडून बसते. म्हणून ती ओळ जागेची सुरुवात थोडी खाली सरकवून आठाच्या पटीत आणून ठेवायची.

मलाही लगेच दिसलं, इतकं ते उघड होतं. आधी पुसायचं आणि मग सरकायचं. म्हणजे पुसलेली जागा वर राहिली आणि आपण बसलो मेमरीची चार घरं खाली, न पुसलेल्यात. ज्या प्रोग्रॅमचं सामान मुळातच आठाच्या पटीत बसायचं त्याला सरकावं लागत नव्हतं, म्हणून त्याचं निभावलं. दोनियोरने तीन व्हेरिएबल घेतली, चार चार घरांची, बारा घरं. बारा काही आठाच्या पटीत बसत नाही. त्याचं पहिलंच व्हेरिएबल उष्ट्यावर जाऊन पडलं.

ती ओळ उस्तादांच्या पुसायच्या ओळीच्या वर हवी होती. आधी सरका, मग पुसा. पण उस्तादांच्या वर कोण लिहिणार?

ओळीच्या शेजारी नाव होतं. सानोबर.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाव तेच होतं. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण त्या बाईच्या तोंडावर असा भाव मी आधी कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची इच्छाही नाही. ज्या पोराला ती तीन दिवस उभं-आडवं सोलत होती तो तिच्या खांद्यामागे उभा होता. त्याने नाव वाचलं होतं.

ओपाने ती ओळ उचलली आणि उस्तादांच्या पुसायच्या ओळीच्या वर नेऊन ठेवली. मग कंपायलर पुन्हा बांधला, प्रोग्रॅम पुन्हा उतरवला आणि पियाल्यात कढत पाणी ओतलं, चहा संपला होता. फाटक हललं नाही.

"झालं की मग," हाशिम अका खूष होऊन म्हणाले. "सुटलो. मी खात्याला कळवतो, नवी चिप परदेशी आहे, तिच्यात खोट निघाली, आम्ही दुरुस्त केली."

"चिपमध्ये खोट नाही," ओपा म्हणाली.

"बरं मग जुन्या कंपायलरमध्ये होती म्हणू. नेमत उस्तादांच्या वेळची गोष्ट. ते आता कुठे जाब द्यायला येणार आहेत? आणि त्यांना कोण बोल लावतंय? सानोबर, तुमचं नाव कशाला मधे?"

मला वाटलं आता किटली उडणार. ओपा उभी राहिली. "हाशिम अका, चिपचं नाव घेतलंत तर कोचकार अका काय म्हणेल माहीत आहे? म्हणेल, ह्यांनी पोराला झाकलं. चिपने कधी कोणाच्या काकाचं भात भिजवलंय? आणि उस्तादांचं नाव तुम्ही ह्यात पुन्हा काढलंत तर मी इथे बसणार नाही. गाडी मागवा. आम्ही तोलजोरला जातोय."

गुरुवारी आम्ही गेलो. ओपा, दोनियोर आणि मी, मांडीवर पत्र्याचं फाटक, बोर्ड आणि दोन्ही कंपायलरने बनवलेले दोन प्रोग्रॅम, चुकीचा आणि दुरुस्त केलेला. दोन्ही गावांच्या मधल्या चायखान्यात, कालव्यावर टाकलेल्या लाकडी चौथऱ्यांवर माणसं जमली होती. एका बाजूला कुमतेपावाले, दुसऱ्या बाजूला तोलजोरवाले. मधल्या चौथऱ्यावर दोनियोरचा काका एकटाच बसला होता. त्याच्याबरोबर कोणी बसेना, त्याच्या स्वतःच्या गावचेसुद्धा.

ओपाने सलाम केला, काकाच्या चौथऱ्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "ह्यांच्या पुतण्याने काही केलेलं नाही. चूक माझी आहे."

कुजबुज झाली. कोचकार अकाने डोळे बारीक केले. "किती मिळाले, ओपा?"

"काय?"

"हे बोलायचे. बाईमाणसाला पुढे केलं म्हणजे आम्ही गप्प बसू असं त्या काकाने सांगितलं का तुम्हाला?"

मला इतका राग आला की मी फाटक त्याच्या डोक्यात घातलं असतं. पण ओपा चिडली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, जणू तिच्याच गल्लीतला कोणी भेटलाय. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. इकडे या आणि स्वतः बघा."

तिने चुकीचा प्रोग्रॅम लावला. "चहा तुमच्या हाताने ओता. हवा तितका गरम, हवा तितका थंड." कोचकार अकाने ओतला. फाटक वर गेलं. त्याने पियाला बदलला, तापमापी उलटीसुलटी करून बघितली, बोर्ड उचलून खाली कोणी तार ओढतंय का ते तपासलं. मग कालव्याचं गार पाणी आणवलं. फाटक खाली आलं. कुमतेप्याचा एक म्हातारा पुढे सरकला, म्हणाला, मला करू दे. मग दुसरा. बराच वेळ दोन्ही गावची दाढीवाली माणसं पियाल्यात चहा ओतून ते खेळणं वर-खाली करत बसली.

"पण असं का होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

ओपाने समोरचं दस्तरखान हाताने सारखं केलं. "उस्तादांनी नियम घालून दिला होता. पाहुणा बसायच्या आधी त्याच्यापुढचा पियाला विसळून ठेवायचा. ते बरोबर विसळत होते. नंतर मी आले. जागा नीट लागावी म्हणून मी पाहुण्याला एक जागा खाली सरकवलं. पण विसळून झाल्यावर सरकवलं. तो बसला दुसऱ्याच्या उष्ट्या पियाल्यासमोर. मी पाहुण्याला आधी बसवायला हवं होतं, मग उस्तादांनी विसळलं असतं. पण उस्तादांच्या आधी हात घालायचा मला धीर झाला नाही."

हे त्यांना कळलं. असं कळलं की काही जणांनी मान खाली घातली, कारण उस्तादाच्या आधी हात घालायचा धीर त्यांच्यातल्या कोणाला झाला असता? मग ओपाने दुरुस्त प्रोग्रॅम लावला, चहा ओतला, फाटक जागचं हललं नाही. कोचकार अकाने आणखी दोनदा ओतून बघितलं, आणि मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोराने बोर्ड आपल्याच गावी बसवला म्हणून आम्ही..." त्याने वाक्य सोडून दिलं. उठून तो काकाच्या चौथऱ्यावर आला आणि काकाशेजारी मांडी घालून बसला. काकाने त्याच्याकडे बघितलंही नाही. नान तोडून एक तुकडा मात्र त्याच्यापुढे सरकवला. इतक्या दिवसांचा राग एका नानने जात नाही, पण सुरुवात झाली म्हणायची. हाशिम अकांचा कागद वकिलाकडे गेला नाही, आणि कोकंदवाल्यांना दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी आपणहून निरोप धाडला की पोरगा साफ आहे.

मग आम्ही परत निघालो. दोनियोर पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागे. वाट बदलली की ओपा एरवी ड्रायव्हरचं डोकं खाते, आज नाही. बराच वेळ गेल्यावर दोनियोर मागे न वळता म्हणाला, "ओपा, एक विचारू?"

"विचार."

"उद्या पुन्हा ते फाटक आपोआप उघडलं, तर?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, छे रे, आता तुझ्यावर कोण संशय घेईल. मी तेच म्हणणार होते. ओपा खिडकीबाहेर बघत विचार करत राहिली. त्या बाईला खोटं बोलता येत नाही, हे तिचं दुखणं आहे.

"आधी माझ्या ओळी बघीन," ती म्हणाली. "मग तुझ्या."

"आणि उस्तादांच्या?"

तिने चष्मा काढला. मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले आणि म्हणाली, "त्यांच्याही."

शुक्रवारी दोनियोर नेहमीच्या वेळेला कामावर आला. आपलं टेबल त्याने कोपऱ्यातून ओढून ओपाच्या टेबलासमोर आणून लावलं, अगदी तोंडासमोर तोंड, आणि तिने काही हरकत घेतली नाही.